सोलापुरातील संशोधन संस्थेत रुजू होताना: व्यवस्थापन आणि कामाची रीत कशी ओळखावी

दरवर्षी उन्हाळ्यात, पदव्युत्तर परीक्षा आटोपल्या की, कृषी किंवा जीवशास्त्र शिकलेल्या एखाद्या मुलाचा अथवा मुलीचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, तिथलं वातावरण कसं आहे?" पूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर देत असे. आता मी उलट विचारतो, "पद कोणते आहे?" एकाच संस्थेत, एकाच संचालकांच्या हाताखाली, एकाच कँटीनमध्ये चहा पिणाऱ्या चार माणसांचे अनुभव चार वेगळ्या संस्थांचे वाटावेत इतके निराळे असतात, आणि त्या फरकाचे मूळ बहुतेक वेळा माणसांच्या स्वभावात नसून त्यांच्या नेमणूक आदेशाच्या कागदात असते. हा लेख त्या कागदापासून सुरू होतो.

सोलापूरकडे सोलापूरकर गिरण्यांचे आणि चादरींचे शहर म्हणून पाहतात, पण संशोधनाची परंपराही इथे जुनी आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३०च्या दशकातच सुरू झाले. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय केंद्र शहरात आहे, हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारीसाठीचे केंद्र आहे, पुणे रस्त्यावर केगावला २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि त्याच बाजूला २००४ साली स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव असलेले विद्यापीठ आहे. ही नावे केवळ परिसराची कल्पना यावी म्हणून दिली. पुढे जे प्रसंग सांगितले आहेत ते कोणत्या संस्थेत घडले हे मुद्दाम लिहिलेले नाही, आणि वाचणाऱ्यांनीही तर्क लढवू नयेत, कारण असे प्रसंग कोणत्याही संशोधन संस्थेत घडू शकतात.

पहिली पायरी: आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते पाहणे

केंद्र सरकारच्या कृषी संशोधन संस्थेत साधारण चार प्रकारची माणसे असतात. शास्त्रज्ञांची निवड कृषी वैज्ञानिक निवड मंडळामार्फत होते आणि त्यांची शिडी शास्त्रज्ञ, वरिष्ठ शास्त्रज्ञ, प्रधान शास्त्रज्ञ अशी असते. तांत्रिक कर्मचाऱ्यांची शिडी निराळी, तिच्या पायऱ्या टी-१ पासून टी-९ पर्यंत. तिसरा वर्ग प्रशासन आणि लेखा विभागाचा. आणि चौथा वर्ग आपल्यासारख्यांचा: कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन छात्र, यंग प्रोफेशनल, प्रकल्प सहायक, आणि एजन्सीमार्फत आलेले संगणक चालक, प्रक्षेत्र मदतनीस व सुरक्षारक्षक. विद्यापीठाच्या केंद्रांत पदांची नावे बदलतात, रांगा फारशा बदलत नाहीत.

कायम शास्त्रज्ञ "आमच्याकडे फार राजकारण आहे" असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बदली, पदोन्नतीचे मूल्यमापन किंवा विभागप्रमुखपद असते. तांत्रिक कर्मचारी हेच वाक्य उच्चारतो तेव्हा बहुधा त्याचा विषय असा असतो की वीस वर्षे प्लॉट त्याने सांभाळला आणि वाणाच्या प्रसारणाच्या दिवशी व्यासपीठावर त्याचे नाव कुणी घेतले नाही. लेखा विभागातल्या माणसाची तक्रार शास्त्रज्ञांच्या अर्धवट बिलांबद्दल असते. आणि प्रकल्पावरच्या मुलाला मुदतवाढीच्या आदेशापलीकडचे राजकारण दिसतही नाही. म्हणून संस्थेबद्दल कुणी काही सांगितले, बरे किंवा वाईट, की आधी तो माणूस कोणत्या रांगेतून बोलतो आहे हे विचारून घ्यावे आणि मगच ते बोलणे आपल्याला लागू पडते का ते ठरवावे.

दुसरी पायरी: रुजू होण्यापूर्वीची चौकशी

थेट मुलाखतीच्या जाहिरातीत "पद पूर्णतः तात्पुरते असून प्रकल्पासोबत समाप्त होईल" असे एक वाक्य असते आणि ते सगळे जण वाचून सोडून देतात. ते वाक्य वाचल्यावर लगेच विचारायचा प्रश्न असा की प्रकल्पाची मुदत किती उरली आहे. बाहेरच्या निधीवर चालणारा प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. त्यातले दीड वर्ष उलटून गेल्यावर जागा रिकामी झाली असेल, तर आधीची व्यक्ती का गेली हे जाणून घेण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. पुष्कळदा उत्तर साधे असते, तिला कायम नोकरी लागलेली असते. पण दोन वर्षांत त्याच टेबलावर तीन माणसे आली आणि गेली असतील, तर ती गोष्ट मुलाखतीतल्या गोड बोलण्यापेक्षा जास्त सांगून जाते.

संस्थेचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर असतात. ते उघडून मागच्या चार वर्षांतील प्रकाशनांची यादी पाहावी. संबंधित शास्त्रज्ञांच्या लेखांत प्रकल्पावरच्या मुलांची नावे येतात की नाही, आणि येत असतील तर कितव्या क्रमांकावर, हे अर्ध्या तासात कळते. माझ्या मते व्यवस्थापनाबद्दलचा हा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे, कारण तो कुणाच्या रागालोभावर अवलंबून नसतो.

आधी काम केलेल्या मुलांना फोन करताना "कसं आहे?" असे मोघम विचारू नये. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येते आणि त्यात विशेषणे फार असतात. त्याऐवजी असे विचारावे: मागच्या मार्चचे मानधन कोणत्या महिन्यात जमा झाले? मुदतवाढीचा आदेश आधीची मुदत संपण्यापूर्वी हातात आला की नंतर? रविवारी पाणी द्यायला आणि निरीक्षणे घ्यायला कोण जाते? आजारी पडलात तेव्हा रजा कशी मिळाली? निघाल्यावर अनुभव प्रमाणपत्र किती दिवसांत मिळाले? नुकताच भांडून बाहेर पडलेला माणूस फार कडू बोलतो आणि अजून त्याच शास्त्रज्ञांच्या शिफारसपत्राची वाट पाहणारा फार गोड बोलतो, पण तारखा विचारल्या की दोघेही बऱ्यापैकी खरे बोलतात.

तिसरी पायरी: आदेश वाचणे, शेवटच्या ओळीपर्यंत

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या दरांप्रमाणे १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्राला दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ संशोधन छात्राला ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. घरभाडे भत्त्यासाठी सोलापूर 'वाय' वर्गातले शहर आहे, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी या वर्गाचा दर जानेवारी २०२४ पासून २० टक्के आहे. तुमच्या आदेशात कोणता दर धरला आहे, किंवा भत्ता मुळात धरलाच आहे का, हे पाहावे. ३७,००० रुपयांवर २० टक्के म्हणजे ७,४०० रुपये होतात, आणि सोलापुरात तेवढ्यात दोघांनी मिळून राहण्याजोगी खोली मिळते. ही रक्कम "नंतर बघू" म्हणून सोडण्यासारखी नाही. पद छात्राचे नसून दुसऱ्या नावाचे असेल तर दर वेगळा असतो. जाहिरातीतला आकडा आणि आदेशातला आकडा जुळतो का हे तपासणे पुरेसे आहे.

आदेशात आणखी तीन जागा डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात: नेमणुकीची अखेरची तारीख, रजेचा तपशील, आणि नोकरी सोडताना द्यायची पूर्वसूचना. कायम केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा असतात हे ऐकून आपल्यालाही तेवढ्या असतील असे गृहीत धरू नये. तात्पुरत्या पदाला आदेशात लिहिले तेवढेच मिळते. एजन्सीमार्फत नेमणूक असेल तर तुमचा मालक कागदोपत्री संस्था नसून एजन्सी असते. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि दर महिन्याला मोबाइलवर पासबुक उघडून कपात झालेली रक्कम खरोखर भरली आहे का ते पाहावे. कपात दिसते आणि भरणा दिसत नाही, असे घडले तर वाट पाहू नये.

रुजू अहवाल स्वतः लिहावा, त्यात "मध्यान्हपूर्व" किंवा "मध्यान्होत्तर" हा शब्द न विसरता घालावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घेऊन ती प्रत घरी ठेवावी. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला कागद आणि आवक नोंदवहीत चढलेला कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चौथी पायरी: खुर्च्या आणि फाइलचा रस्ता

नवख्या माणसाला वाटते की संस्था संचालक चालवतात. संचालक दिशा ठरवतात आणि सही करतात. पण तुमचा महिना कसा जाणार हे प्रकल्पाचे प्रमुख संशोधक आणि लेखा विभागातला सहायक या दोन माणसांवर ठरते. पहिल्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न सगळेच करतात. दुसऱ्याकडे पाहून कुणी हसतसुद्धा नाही.

माझी ही समजूत कशी झाली ते सांगतो. रब्बी ज्वारीच्या प्रयोगात स्वपरागीकरणासाठी कणसांवर कागदी पिशव्या घालाव्या लागतात. पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाली होती आणि फुलोरा डिसेंबरमध्ये येणार हे ठाऊक होते. मी पिशव्यांची मागणी नोव्हेंबरच्या मध्यावर टाकली आणि वेळेच्या खूप आधी टाकली अशा समाधानात राहिलो. टिपणीवर प्रमुख संशोधकांची सही झाली, विभागप्रमुखांची झाली, फाइल भांडाराकडे गेली, तिथून लेखा विभागात गेली आणि आठ दिवसांनी परत आली. हिरव्या टिपणी कागदाच्या समासात निळ्या शाईने एकच ओळ होती: "मागील वर्षाचा शिल्लक साठा नमूद करून फेरसादर करावे." मला संताप आला. ज्वारी काय समासातल्या शेऱ्यासाठी थांबणार आहे का, असे मी चारचौघांत बोललोही. फाइल फिरून येईपर्यंत पुढच्या ओळींतल्या कणसांना फुले लागली होती आणि आम्ही जुन्या पिशव्या झटकून, टाचण्या सरळ करून वापरल्या. काही ओळी त्या वर्षी बाद धराव्या लागल्या.

फेब्रुवारीत भांडाराची वार्षिक पडताळणी निघाली तेव्हा लोखंडी मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीवर, फवारणी पंपाच्या मागे, मागच्या वर्षीच्या न फोडलेल्या पिशव्यांचे दोन गठ्ठे निघाले. साठा नोंदवहीत ते व्यवस्थित लिहिलेले होते. मी ती नोंदवही उघडून पाहिलेली नव्हती, एवढेच. लेखा सहायकाने मला तेव्हा काहीही ऐकवले नाही, आणि ते मला जास्त लागले.

तेव्हापासूनची माझी रीत अशी: कोणतीही मागणी टाकण्यापूर्वी साठा नोंदवही पाहणे, शिल्लक आकडा टिपणीतच लिहिणे, वस्तू हवी त्या तारखेच्या तीन महिने आधी मागणी टाकणे आणि ती तारीख का महत्त्वाची आहे हे एका ओळीत लिहिणे. "त्वरित आवश्यक" असे प्रत्येक टिपणीवर लिहिलेले असते, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. "१० डिसेंबरनंतर फुलोरा सुरू होईल, त्यानंतर पिशव्यांचा उपयोग नाही" हे वाचले जाते. सरकारी खरेदी २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनी बांधलेली आहे आणि बहुतेक वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच घ्याव्या लागतात. हे नियम शास्त्रज्ञांना जाचक वाटतात आणि पुष्कळदा ते आहेतही, पण टेबलावरचा माणूस ते स्वतः बनवत नाही आणि चूक निघाली तर लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावे लागते.

पाचवी पायरी: वर्षाचे चक्र समजून घेणे

संस्थेतल्या माणसांचे स्वभाव दिनदर्शिकेप्रमाणे बदलतात असे मी म्हटले तर ती फार अतिशयोक्ती होणार नाही. जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत सगळ्यांना निधी खर्ची टाकण्याची आणि विनियोग प्रमाणपत्राची, म्हणजे निधी कसा खर्च झाला याच्या दाखल्याची, घाई असते. या काळात कुणाचा आवाज चढला तर तो आपल्यावर आहे असे मानू नये. एप्रिल-मेमध्ये नव्या वर्षाचा निधी आलेला नसतो आणि मानधन रखडण्याचा धोका याच दोन महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून दोन महिन्यांचे घरभाडे आणि मेसचे पैसे बाजूला ठेवूनच सोलापुरात यावे.

केंद्रीय संस्थांत संस्था संशोधन समितीची बैठक होते. नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव आरपीएफ-१ या नमुन्यात, वार्षिक प्रगती आरपीएफ-२ मध्ये आणि समाप्तीचा अहवाल आरपीएफ-३ मध्ये द्यावा लागतो. त्यातले तक्ते भरण्याचे काम प्रकल्पावरच्या मुलांकडे येते. संशोधन सल्लागार समिती आणि दर पाच वर्षांनी येणारे पुनर्विलोकन पथक यांच्या भेटीआधी महिनाभर प्रक्षेत्रावरचे फलक रंगवले जातात, बांध साफ होतात, आणि आपले स्वतःचे निरीक्षणांचे वेळापत्रक कोलमडते. विद्यापीठाच्या केंद्रांत हेच वारे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोच्या आधी वाहते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची ती संयुक्त बैठक असते आणि नवे वाण व शिफारशी तिथे मंजुरीसाठी मांडल्या जातात. तिच्या आधीच्या पंधरवड्यात लग्नासाठी रजा मागू नये, एवढा सल्ला पुरे.

मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा मजूर कामावर येणार नाहीत हे आधीच धरून चालावे. परप्रांतातून आलेल्या साहेबांना हे ठाऊक नसते आणि ते सांगण्याचे काम तुमचे असते. त्यानंतरच्या हुरड्याच्या दिवसांत पाहुणे वाढतात. प्रयोगाच्या प्लॉटमधली कणसे हुरड्यासाठी नसतात हे पाहुण्यांना हसत हसत, पण ठामपणे सांगता आले पाहिजे. मी एकदा संकोचाने गप्प बसलो आणि तिसऱ्या पुनरावृत्तीतली (तोच प्रयोग पुन्हा घेतलेल्या तिसऱ्या भागातली) एक पूर्ण ओळ शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गेली.

सहावी पायरी: प्रमुख संशोधक, क्षेत्रवही आणि नाव

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नवीन नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची निरीक्षणे घ्यायची असोत की ज्वारीची उंची मोजायची असो, प्रक्षेत्रावरचे काम सकाळी सहाला सुरू करून दहाला आवरणे शहाणपणाचे. पण बायोमेट्रिक यंत्र सकाळी सहाची हजेरी कामात धरते की नाही, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट करून घ्यावे. पहाटे चार तास उन्हात घालवलेल्या मुलाला "साडेपाचच्या आत का गेलास?" असे लेखी विचारले गेल्याचे मी पाहिले आहे. प्रमुख संशोधकांकडून कामाच्या वेळेबद्दल दोन ओळींचा ईमेल घेऊन ठेवला असता तर तो प्रसंग टळला असता. तोंडी सूचना मिळाल्यावर संध्याकाळी आपणच एक नम्र संदेश पाठवावा: "सर, आज सांगितल्याप्रमाणे उद्यापासून सकाळी सहा ते दहा निरीक्षणे घेतो." कुणाला राग येत नाही आणि नोंद राहते.

क्षेत्रवही शिसपेन्सिलीने लिहावी, कारण दवाने आणि घामाने शाई पसरते. खोडरबर मात्र जवळ ठेवू नये. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने खोडून शेजारी बरोबर आकडा लिहावा. रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढून तारखेनिशी ठेवावा. याचे कारण केवळ शिस्त नाही. एका हंगामात मला सांगण्यात आले की दुसऱ्या पुनरावृत्तीतला एक आकडा "बाकीच्यांशी जुळत नाही, जरा बघून घे." बघून घेणे म्हणजे काय हे समजण्याइतका मी तेव्हा मोठा होतो. मी वहीचे पान नेऊन दाखवले. त्या कोपऱ्यात ठिबकची उपनळी उंदराने कुरतडलेली होती आणि तशी नोंद त्याच दिवशी, त्याच पेन्सिलीने केलेली होती. विषय तिथेच संपला आणि तो आकडा तळटिपेसह राहिला. पान नसते तर मी नाही म्हणू शकलो असतो का, याची मला आजही खात्री देता येत नाही.

लेखकांच्या यादीचा प्रश्न नाजूक आहे, पण तो पहिल्या तीन महिन्यांतच काढावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घातल्या आहेत आणि इतर शाखांतही त्यांचा दाखला दिला जातो: कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात अथवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. यातली दुसरी अट मुलांना गाळते. आकडे गोळा करून दिले, पण मसुदा पाहिलाच नाही, तर आभाराच्या परिच्छेदात जागा मिळते आणि तक्रारीला आधार उरत नाही. माझे नाव एका लेखातून असेच गेले. मी दोन हंगामांचे आकडे दिले होते, पण कच्चा मसुदा मागण्याचा धीर केला नव्हता. म्हणून सांगतो, "सर, साहित्य आणि पद्धती हा भाग मी लिहून देऊ का?" असे स्वतःहून विचारावे. चांगला प्रमुख या प्रश्नाने सुखावतो. जो टाळतो त्याच्याविषयी आपल्याला वेळेत कळते.

सातवी पायरी: भाषा आणि हाक

सोलापूर बहुभाषिक आहे हे नव्याने सांगायला नको, पण संशोधन संस्थेत त्याला एक वेगळा थर येतो. शास्त्रज्ञ तमिळनाडू, उत्तर प्रदेश, राजस्थान असे कुठूनही आलेले असतात आणि त्यांचे बोलणे हिंदी-इंग्रजीत चालते. पत्रव्यवहारावर राजभाषेचे नियम असतात, हिंदीच्या वापरासाठी केलेल्या वर्गवारीत महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात मोडतो आणि सप्टेंबरमध्ये हिंदी पंधरवडा होतो. त्यातल्या निबंध स्पर्धेत भाग घ्यावा, प्रशासनातली माणसे त्यानिमित्ताने ओळखीची होतात. आणि प्रक्षेत्रावर मराठी, कन्नड, तेलुगू चालते. अशा ठिकाणी स्थानिक मुलगा किंवा मुलगी आपोआप दुभाषी होते. हे बळही आहे आणि ओझेही. साहेबांचे रागाचे वाक्य मजुरांपर्यंत कसे पोहोचवायचे आणि मजुरांची मजुरीची विचारणा साहेबांपर्यंत कशी न्यायची, हे तुमच्या पदाच्या वर्णनात कुठेही लिहिलेले नसते.

कार्यालयात सर आणि मॅडम या दोन हाकांवर काम भागते. प्रक्षेत्रावर मात्र वयाने मोठ्या मजुराला मामा किंवा अण्णा, बाईंना मावशी किंवा अक्का म्हणावे आणि अहो-जाहो करावे. खुरपणी करणाऱ्या मावशींना कोणत्या झाडावर आधी डाग पडला हे तुमच्या आधी दिसलेले असते. त्या ते आपणहून सांगतील की नाही, हे तुम्ही त्यांच्याशी कसे बोलता त्यावर अवलंबून असते.

आठवी पायरी: तक्रार करायची वेळ आली तर

बहुतेक तक्रारी प्रमुख संशोधकांशी समोरासमोर बोलून मिटतात. बोलताना मागणी एकच असावी आणि ती तारखेसह असावी. त्याने न भागल्यास विभागप्रमुखांना आणि त्यानंतर संचालकांना लेखी अर्ज द्यावा, प्रत्येक वेळी आवक शिक्क्यासह. केंद्रीय संस्थांतली संयुक्त कर्मचारी परिषद नियमित कर्मचाऱ्यांची असते. तिचे सभासद भले असतील तर तुमची गोष्टही पुढे नेतात, पण तो तुमचा हक्क नाही.

लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र या पायऱ्यांनी जायचे कारण नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या अध्यक्षस्थानी संस्थेतील वरिष्ठ महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य संस्थेबाहेरून घ्यावा लागतो. कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, एजन्सीच्या आणि रोजंदारीवरच्या महिलाही या कायद्याखाली येतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, समितीला सबळ कारणासाठी आणखी तीन महिने वाढवता येतात, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समितीच्या सदस्यांची नावे सूचना फलकावर असणे बंधनकारक आहे. रुजू झाल्याच्या दिवशी तो फलक शोधून नावांचा फोटो काढून ठेवावा. फलक सापडला नाही तर तेही संस्थेबद्दल काहीतरी सांगतेच.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत यावे लागते. आपलीच मुदतवाढीची फाइल कुठे अडली हे जाणून घेण्यासाठी तो वापरता येतो, पण नोकरीत असताना त्याचा पहिला हत्यार म्हणून उपयोग करणे मला स्वतःला शहाणपणाचे वाटत नाही, कारण लहान संस्थेत अर्जदार कोण हे दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळते. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर सेवाविषयक तक्रार करण्याआधी कर्मचाऱ्याने खात्यातले मार्ग वापरून झालेले असावे लागतात, म्हणून वर सांगितलेल्या शिक्क्याच्या प्रती तिथे उपयोगी पडतात. राज्याच्या अखत्यारीतल्या संस्थेसाठी आपले सरकार पोर्टल आहे.

नववी पायरी: निघताना

तात्पुरत्या पदावरून एके दिवशी निघायचेच असते, मग ते प्रकल्प संपल्यामुळे असो की दुसरीकडे निवड झाल्यामुळे. राजीनामा आदेशात लिहिलेल्या मुदतीप्रमाणे द्यावा. कार्यमुक्ती आदेश, ना-देय प्रमाणपत्र (तुमच्याकडे संस्थेचे काही देणे नाही असा दाखला) आणि अनुभव प्रमाणपत्र हे तीन कागद वेगवेगळ्या टेबलांवरून निघतात आणि त्यांतले ना-देय सर्वांत जास्त वेळ खाते, कारण ग्रंथालय, भांडार, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि लेखा विभाग अशा प्रत्येकाची सही त्यावर लागते. अखेरच्या दिवसाच्या दहा दिवस आधी फिरायला सुरुवात करावी आणि ग्रंथालयापासून सुरू करावे, तिथे गर्दी नसते. अनुभव प्रमाणपत्रात पदाचे नाव आणि तारखा आदेशाशी अक्षरशः जुळतात का हे तिथेच उभे राहून वाचावे. पुढच्या नोकरीच्या छाननीत एका दिवसाचा फरकही अडवतो.

क्षेत्रवह्या संस्थेच्या मालकीच्या असतात, त्या देऊनच जायचे असते. त्यांची यादी दोन प्रतींत करावी: वही क्रमांक, हंगाम, प्रयोगाचे नाव, पानांची संख्या. सोबत संगणकावरच्या फाइलींची यादी, शीतकपाटातल्या नमुन्यांच्या बाटल्यांचे क्रमांक आणि प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली. हे सारे प्रमुख संशोधकांसमोर मोजून द्यावे, एका प्रतीवर "मिळाले" अशी त्यांची सही आणि तारीख घ्यावी, आणि ती प्रत रुजू अहवालाच्या त्याच प्रतीला जोडून ठेवावी, जिच्यावर पहिल्या दिवशी आवक विभागाचा शिक्का घेतला होता.